सगळ्यांना नऊ वाजता बोलावू नका

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी आईला मधुमेहाच्या तपासणीसाठी एका मोठ्या इस्पितळाच्या ओपीडीत घेऊन गेले होते. आदल्या भेटीत तिच्या केसपेपरवर पुढची तारीख लिहून दिली होती आणि तारखेपुढे ‘सकाळी ९, उपाशीपोटी’ एवढेच शब्द होते. आईचे वय तेव्हा ७८ होते. पहाटे पाचला उठून, पहिली बस पकडून आम्ही साडेसातला रांगेत उभ्या राहिलो, तेव्हा हाती आलेल्या चिठ्ठीवर आकडा होता ४७. रक्त घेण्याच्या खिडकीवर जाण्याआधी केसपेपरवर डॉक्टरांची सही लागत होती, त्यामुळे सत्तेचाळिसावा नंबर पुकारला जाईपर्यंत आईला काही खाता येणार नव्हते. मधुमेहाची सकाळची गोळी मात्र तिने रोजच्या सवयीने पहाटेच घेतली होती. पावणेअकराच्या सुमारास तिचे हात थंड पडले, कपाळावर घाम आला, आणि मी काय विचारते आहे तेही तिला नीट कळेना. शेजारी बसलेल्या पेडण्याच्या एका बाईने पिशवीतून गुळाचा खडा काढून तिच्या तोंडात घातला. तोवर सिस्टर धावत आली आणि आई सावरली.

त्या दिवशी आमच्याशी कोणीही वाईट वागले नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. खिडकीवरचा माणूस सकाळपासून जागचा हलला नव्हता, डॉक्टरांनी चहासुद्धा घेतला नसावा, आणि आईला भोवळ आल्याचे कळताच दोघी सिस्टर हातातले काम टाकून आल्या. तरीही ७८ वर्षांची उपाशी बाई सव्वातीन तास लाकडी बाकावर बसून राहिली. मी आजूबाजूच्या लोकांचे केसपेपर पाहिले. ज्यांना तारीख दिलेली होती त्या प्रत्येकाच्या कागदावर तेच लिहिलेले होते, सकाळी ९.

मी एका महाविद्यालयात ३१ वर्षे संख्याशास्त्र शिकवले. रांगांचे गणित हा त्यातला माझ्या आवडीचा भाग, आणि तो मी फळ्यावर कितीतरी वेळा मांडलेला आहे. परत येताना बसमध्ये आई माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपली होती आणि मी मनातल्या मनात तो हिशेब पहिल्यांदाच खऱ्या माणसांसाठी करत होते.

हिशेब अगदी साधा आहे. समजा, एका डॉक्टरकडे सकाळी ६० रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला ४ मिनिटे लागतात. म्हणजे ओपीडी ९ ला सुरू होऊन १ वाजता संपते. साठही जणांना ९ वाजता बोलावले, तर पहिल्याला शून्य मिनिटे थांबावे लागते, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला ८, आणि शेवटच्याला २३६ मिनिटे, म्हणजे जवळजवळ चार तास. सगळ्यांचा मिळून थांबण्याचा वेळ होतो ११८ तास, आणि सरासरीने प्रत्येकाच्या वाट्याला येतात ११८ मिनिटे. आता त्याच साठ जणांचे चार गट करावेत आणि पंधरा जणांना ९ वाजता, पंधरा जणांना १० वाजता, असे ११ आणि १२ पर्यंत बोलवावे. डॉक्टर तेच, रुग्ण तेवढेच, ओपीडी संपते तीही १ वाजताच; पण एकूण थांबणे ११८ तासांवरून २८ तासांवर येते आणि सरासरी २८ मिनिटे होते. दर वीस मिनिटांना पाच जण बोलावले, तर तीच सरासरी ८ मिनिटांवर येते. एकही जादा डॉक्टर न नेमता, एकही भिंत न बांधता, केवळ केसपेपरवर ९ च्या ऐवजी वेगवेगळे आकडे लिहून एका सकाळी माणसांचे नव्वद तास वाचतात.

हिशेब एवढा सोपा असताना सगळीकडे ९ च का लिहिले जाते, याचे उत्तर आळस हे नाही. डॉक्टर हा सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत दुर्मीळ माणूस, त्याचा एक क्षणही रिकामा जाऊ नये, या विचारातून दाराबाहेर माणसांचा साठा करून ठेवला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा तिथल्या बाह्यरुग्ण विभागांतही हीच पद्धत होती. नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने १९५२ साली या प्रश्नावर काम प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी वेल्च यांच्यासोबत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातही त्याविषयी लेख लिहिला. संगणक हाताशी नसताना बेलींनी यदृच्छ, म्हणजे कोणताही क्रम नसलेल्या, अंकांच्या मदतीने कागदावर काल्पनिक ओपीड्या चालवून पाहिल्या आणि त्यातून निघालेला नियम आजही बेली-वेल्च नियम म्हणून शिकवला जातो. सुरुवातीला दोन रुग्णांना एकदम बोलवावे आणि त्यानंतर एका तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने एकेकाला वेळ द्यावी, एवढाच तो नियम आहे. पहिला रुग्ण उशिरा आला तरी दुसरा हजर असतो, कोणाची तपासणी लवकर आटोपली तरी पुढचा एक जण बाहेर बसलेला असतो, आणि तरीही बाहेर चाळीस माणसे लागत नाहीत. डॉक्टरचा वेळ वाया जाऊ नये म्हणून एका माणसाचा साठा बहुतेक वेळा पुरतो, ही गोष्ट सत्तर वर्षांपूर्वी कागदावर सिद्ध झालेली आहे, आणि आई ज्या बाकावर बसली होती तिथपर्यंत ती अजून पोचलेली नाही, याचे मला त्या दिवशी फार दुःख झाले.

आता माझ्या वरच्या हिशेबात एक मोठी सूट घेतलेली आहे. प्रत्येकाला बरोबर ४ मिनिटे लागतात असे मी धरले, पण खरी माणसे तशी नसतात. एकाची नुसती गोळी बदलायची असते, दुसऱ्याच्या पायाला जखम झालेली असते, तिसरीला मुलीसमोर सांगता न येणारे काही सांगायचे असते. या कमी-जास्तपणामुळेच रांगा तयार होतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या अभियंत्याने १९०९ साली दूरध्वनीच्या जोडण्यांसाठी हे गणित मांडायला सुरुवात केली, आणि त्यातून पुढे निघालेली एक गोष्ट प्रत्येक डॉक्टरने टेबलावर लिहून ठेवावी अशी आहे. रुग्ण वाटेल तेव्हा येत असतील आणि तपासणीचा वेळ बराच खालीवर होत असेल, तर सरासरी ५ मिनिटांच्या तपासणीला, डॉक्टरचा ८० टक्के वेळ भरलेला असताना सरासरी २० मिनिटे थांबावे लागते. ९० टक्के भरलेला असताना ४५ मिनिटे. आणि ९५ टक्के भरला की ९५ मिनिटे. हा हिशेब अखंड चालणाऱ्या रांगेचा आहे. चार तासांच्या ओपीडीत रांग एवढी वाढायच्या आत दुपार होते. तरीही त्यातली दिशा खरी आहे. शेवटचे पाच-दहा टक्के ठासून भरण्याची किंमत बाहेरची माणसे मोजतात. म्हणून वेळापत्रकात मुद्दाम थोडी मोकळी जागा ठेवावी लागते, आणि ती जागा रिकामी दिसली म्हणून लगेच कोणाला तरी तिथे बसवण्याचा मोह आवरावा लागतो.

आमचे कुटुंब ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे जाते ते डॉक्टर गोव्यातल्या म्हापशात बसतात. त्यांच्याकडे बहुतेक रुग्ण मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे. यात नवल काही नाही; आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले तेव्हा देशात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, असल्याचे दिसले होते. हा आजार एकदा दाखवून संपणारा नाही. तोच माणूस महिन्या-दोन महिन्यांनी त्याच खुर्चीवर येऊन बसतो, आणि प्रत्येक वेळी अर्धा दिवस जात असेल तर हळूहळू यायचे टाळू लागतो. आईचा प्रसंग मी डॉक्टरांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझ्याकडेही काही वेगळे होत नाही. तुम्ही बघा, काय करता येते ते.”

काउंटरवर बसणाऱ्या ताई तिथे बारा वर्षे आहेत. मी त्यांना एक वही दिली आणि तीन आठवडे फक्त चार वेळा लिहून ठेवायला सांगितल्या: माणूस दारात आला ती, आत गेला ती, बाहेर आला ती, आणि डॉक्टर स्वतः येऊन बसले ती. औषधाचे नाव नको, आजार नको, माणसाचे नावही नको, फक्त जुना की नवा एवढी खूण. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “मॅडम, एवढे लिहायला मला वेळ कुठे?” आठव्या दिवशी त्याच म्हणाल्या, “मॅडम, हे लोक साडेसातला येऊन बसतात हे मला माहीत होते, पण किती वेळ बसतात ते कधी मोजले नव्हते.”

वहीतून पहिली गोष्ट पुढे आली ती डॉक्टरांना आवडणारी नव्हती. दारावरच्या पाटीवर ९ लिहिले होते, पण सकाळी एका नर्सिंग होममध्ये दाखल रुग्णांना पाहून ते क्लिनिकमध्ये पोचत तेव्हा बहुतेक दिवशी साडेनऊ होत. वेळापत्रक कितीही बारकाईने आखले, तरी सुरुवात अर्धा तास उशिरा झाली की तो अर्धा तास दिवसभरातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला जातो. साठ जण असतील, तर साठ अर्धे तास, म्हणजे ३० तास. बेली आणि वेल्च यांनीही डॉक्टरांच्या वक्तशीरपणावर भर दिला होता, हे मी त्यांना दाखवले. डॉक्टरांनी वाद घातला नाही. नर्सिंग होममधली फेरी लवकर आटोपता येणार नव्हती, म्हणून त्यांनी पाटी बदलली आणि ९.३० लिहिले. मला हा सगळ्यांत मोठा बदल वाटतो. खोटी ९ ची वेळ देण्यापेक्षा खरी साडेनऊची वेळ देणे हा रुग्णाचा मान राखण्याचा पहिला भाग आहे, आणि त्याला पाटी रंगवण्यापलीकडे काही खर्च येत नाही.

दुसरी गोष्ट जुन्या आणि नव्या रुग्णांची. रिपोर्ट घेऊन आलेल्या जुन्या रुग्णाला पाच-सहा मिनिटे लागत आणि त्यात फार चढउतार नसे. नव्या रुग्णाला कधी बारा, कधी पंचवीस. दोघांना एकाच मापाची वेळ दिली, की पहिल्याच नव्या रुग्णापाशी सगळे वेळापत्रक घसरते. म्हणून सकाळचा पहिला भाग जुन्यांसाठी ठेवला आणि नव्यांना बारानंतर बोलावू लागलो. ज्यांच्या वेळेचा अंदाज नीट बांधता येतो त्यांना आधी घेतले, तर उशीर साचत नाही, असे या विषयावरच्या अनेक अभ्यासांतही दिसले आहे. साडेनऊला दोघांना एकदम बोलावून पुढे दर सात मिनिटांना एक, आणि दर तासाच्या शेवटी वेळापत्रकातले एक घर मोकळे. त्या मोकळ्या घरात ताप आलेले मूल, चक्कर आलेला शेजारी, रिपोर्टमध्ये काही भयंकर निघाल्यामुळे घाबरलेला माणूस यांना जागा मिळते. अमेरिकेत मरे आणि टँटाऊ यांनी १९९० च्या दशकात याच्याही पुढे जाऊन, बहुतेक जागा त्याच दिवशी फोन करणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवण्याची पद्धत मांडली. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या मधुमेहींच्या दवाखान्यात ती जशीच्या तशी बसत नाही, म्हणून आम्ही तिच्या वाटेला गेलो नाही.

इथपर्यंत सगळे पुस्तकाप्रमाणे झाले. त्यानंतर जे शिकले ते मला पुस्तकातून कधीच मिळाले नसते.

पहिल्या आठवड्यात मोरजीच्या एका आजोबांना आम्ही ११.२० ची वेळ दिली. ते नेहमीप्रमाणे आठ वाजता येऊन बसले. ताईंनी विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “वेळ दिलीत, पण त्या वेळेची बस कुठे आहे?” त्यांच्या वाड्यावरून निघणारी एक बस साडेसातला म्हापशात पोचते, दुसरी पोचते साडेअकराच्या पुढे. ११.२० ही वेळ त्यांच्यासाठी अस्तित्वातच नव्हती. मी लाजले, कारण मी स्वतः पहिल्या बसने आईला घेऊन गेले होते आणि तरी हे माझ्या लक्षात आले नव्हते. त्या दिवशी ताईंनी वहीत नवा रकाना आखला: गाव आणि बस. पेडणे, कोलवाळ, थिवी, अस्नोडा, हळदोणे, शिवोली, प्रत्येक बाजूच्या बस साधारण कधी पोचतात ते त्यांनी स्थानकावरच्या कंडक्टरांना विचारून लिहून काढले. मग वेळा देताना आधी बसवाल्यांना दिल्या आणि स्कूटरने येणाऱ्या, म्हापशातच राहणाऱ्या लोकांना उरलेल्या घरांत बसवले, कारण त्यांना दहा मिनिटांत येता येते. ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्याची निवड आधी, हा नियम ताईंनीच केला आणि त्यावर कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. आपण वेळ देतो ती माणसाला द्यायची असते, घड्याळाला नव्हे, आणि गोव्यातल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा दिवस बसच्या खेपांनी बांधलेला असतो.

शुक्रवारचे गणित आणखी वेगळे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सगळ्या बार्देशाला आणि पेडण्याला माहीत आहे, आणि बाजाराला आलेच आहोत तर डॉक्टरकडेही जाऊन येऊ, असा विचार कितीतरी घरांत होतो. पूर्वी बायका सकाळी येऊन नंबर लावत आणि बाजारात जात. नंबर पुकारला की त्या नसत, परत येऊन त्या आपला हक्क सांगत, आणि बसून राहिलेल्यांशी खटके उडत. या बायकांना रांगेची शिस्त नाही, असे म्हणणे सोपे होते. ताईंनी त्यांनाच विचारले की तुम्हाला कोणती वेळ सोयीची. उत्तर सगळ्यांचे जवळजवळ सारखे निघाले: सकाळी बाजार, मग डॉक्टर, आणि शेवटी मासळी घेऊन बस. मासळी घेतल्यावर कोणी थांबू शकत नाही, आणि थांबले तर मासळी थांबत नाही. म्हणून शुक्रवारी साडेदहा ते साडेअकरा हा तास बाजारकरणींसाठी राखला. नंबर लावून जाण्याची गरजच उरली नाही.

यातून पुढच्या तारखेचा प्रश्न आला. डॉक्टर सवयीने ‘३० दिवसांनी’ लिहीत. तीस दिवस म्हणजे चार आठवडे आणि दोन दिवस, त्यामुळे शुक्रवारी आलेली बाई पुढच्या वेळी रविवारी पडे, तिथून सोमवारी ढकलली जाई, आणि सोमवारी आधीच गर्दी असे. आम्ही २८ दिवस लिहायला सुरुवात केली. शुक्रवारची बाई शुक्रवारीच राहिली, वारांचा भार ठरावीक झाला, आणि महिन्याच्या गोळ्यांत दोन दिवसांची शिल्लक हाताशी राहू लागली. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आठवड्यात मात्र २८ चा नियमही मोडावा लागतो, कारण त्या दिवसांत गोव्यात कोणी डॉक्टरकडे येत नाही आणि नेवऱ्या-लाडवांनंतरच्या आठवड्यात सगळेच येतात. वर्षाच्या सुरुवातीलाच दिनदर्शिकेवर असे दिवस खुणेने मांडून ठेवले आहेत.

वेळ घेऊन न येणारे लोक हा प्रत्येक डॉक्टरचा राग असतो आणि त्यावर उपाय म्हणून एकाच घरात दोघांना बसवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. दोघेही आले की एकाला उगाच शिक्षा होते, म्हणून मला ती पद्धत अगदी शेवटची वाटते. आदल्या दिवशी मोबाइलवर आठवण दिली की न येण्याचे प्रमाण घटते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. आमच्याकडे संदेश वाचणारा बहुधा मुलगा असतो आणि तो वेर्ण्याच्या कारखान्यात कामावर असतो, त्यामुळे ताई संध्याकाळी फोनच करतात.

उपाशीपोटीच्या तपासणीसाठी तर आम्ही वेळापत्रकच दोन तुकड्यांत तोडले, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या खटाटोपाचे कारण तेच होते. रक्त द्यायला डॉक्टरची गरज नाही. लागते ती आधीच्या भेटीत लिहून ठेवलेली चिठ्ठी. आता डॉक्टर पुढची तारीख लिहितानाच तपासणीची चिठ्ठीही लिहून देतात. माणूस सातनंतर केव्हाही प्रयोगशाळेत जाऊन रक्त देतो, लगेच खातो, गोळी घेतो, दोन तासांनी दुसरे रक्त देतो, आणि रिपोर्ट घेऊन दिलेल्या वेळेला डॉक्टरांसमोर बसतो. सकाळच्या गोळीचे किंवा इन्सुलिनचे काय करायचे ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. गोळी पोटात आणि पोट रिकामे, अशा अवस्थेत कोणालाही बाकावर बसवून ठेवणे धोक्याचे आहे. वेळापत्रकाच्या चर्चेत ही बाब सोयीच्या रकान्यात टाकली जाते, पण ती सुरक्षिततेच्या रकान्यात असायला हवी.

एका डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये जमले ते मोठ्या सरकारी इस्पितळात जमेल का, असे मला अनेकांनी विचारले. अडचणी खऱ्या आहेत. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, गोव्याच्या बाराही तालुक्यांतून माणसे येतात, शिवाय दोडामार्ग-सावंतवाडीकडून आणि कारवारकडूनही येतात. तिथे एकच डॉक्टर, एकच खोली असे काही नसते, आणि निकडीच्या रुग्णाला वेळ विचारता येत नाही. पण पुन्हा पुन्हा येणारे, पुढची तारीख आधीच मिळालेले रुग्ण कोणत्याही मोठ्या ओपीडीत असतात, आणि ज्याला तारीख देता येते त्याला तासही देता येतो. ब्रिटनने १९९१ च्या रुग्णांच्या सनदेत बाह्यरुग्ण विभागातल्या प्रत्येकाला निश्चित वेळ मिळेल आणि त्या वेळेपासून ३० मिनिटांच्या आत त्याला पाहिले जाईल, असे लेखी आश्वासन दिले होते. एका संपूर्ण देशाच्या सरकारी व्यवस्थेने असे लिहून देण्याचे धाडस केले, याचे मोल मला फार वाटते.

आपल्याकडे २०१५ पासून सरकारी इस्पितळांसाठी ऑनलाइन नोंदणीची सोय आली, २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले, आणि २०२२ पासून क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीची नोंदणी करता येऊ लागली. या गोष्टींचे मी मनापासून स्वागत करते, कारण केसपेपरच्या खिडकीवरचा ताटकळा त्यामुळे खरोखर कमी होतो. मात्र नोंदणी म्हणजे वेळ नव्हे. मोबाइलवर मिळालेल्या टोकनवर क्रमांक असेल आणि तास नसेल, तर रांग खिडकीपासून उठून डॉक्टरच्या दाराशी जाऊन बसते. कोणत्याही ओपीडीत नेमके काय चालले आहे हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, एका नियमाची सिद्धता प्रसिद्ध केली: थांबलेल्या माणसांची सरासरी संख्या ही दर तासाला येणारी माणसे गुणिले सरासरी थांबण्याचे तास एवढी असते. म्हणून बाकांवर नेहमी ४५ माणसे दिसत असतील आणि तासाला १५ जण तपासून बाहेर पडत असतील, तर प्रत्येकाचे सरासरी तीन तास जात आहेत. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. इस्पितळाच्या प्रमुखाने सकाळी दहा, अकरा आणि बारा वाजता स्वतः जाऊन डोकी मोजावीत, एवढे पुरते.

म्हापशाच्या क्लिनिकमध्ये सगळे सुरळीत झाले आहे, असे मी म्हणणार नाही. नवा रुग्ण कधी कधी चाळीस मिनिटे घेतो, आणि तेव्हा ताई बाहेर येऊन बसलेल्यांना मोठ्याने सांगतात की आज पंचवीस मिनिटे उशीर आहे, ज्यांना चहा घेऊन यायचा आहे त्यांनी जाऊन यावे, नंबर जाणार नाही. पाऊस जोराचा असला की बस उशिरा येतात आणि अर्धी सकाळ कोलमडते. काही म्हातारी माणसे अजून आठ वाजताच येऊन बसतात. ताईंनी त्यांना लवकर येण्यावरून बोलायचे सोडून दिले आहे, कारण त्यातल्या काहींना घरी एकटे बसण्यापेक्षा इथे चार माणसांत बसणे बरे वाटते, हे त्यांना कळले आहे.

आई आता ८१ वर्षांची आहे. दर चौथ्या मंगळवारी ती सव्वासातला रक्त देते, प्रयोगशाळेच्या बाहेरच्या बाकावर डब्यातली भाकरी आणि भाजी खाते, गोळी घेते आणि दोन तास माझ्याशी किंवा शेजारणीशी गप्पा मारते. तिच्या कार्डावर ताईंच्या अक्षरात १०.२५ लिहिलेले असते. मागच्या खेपेला तिला १०.३५ ला आत बोलावले. डबा उघडताना आईच्या पिशवीत मला कागदात बांधलेला गुळाचा खडा दिसला. तो ती तीन वर्षे न चुकता बरोबर ठेवते आहे.